लग्न एवढं दाखवलं, फुलं कुठं दाखवली?

परीक्षण कशाचं: एका मराठी वृत्तवाहिनीवरचं ‘शाही विवाह’ विशेष प्रक्षेपण, जुलै २०२४
माझ्याकडून: पाचपैकी दीड तारा

वाहिनीचं नाव लिहीत नाही. त्या आठवड्यात रिमोट कितीही पुढंमागं केला तरी थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चाललं होतं, आणि एक नाव घेतलं की सगळं बोलणं त्या नावावरच अडकतं. आमच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत हीच वाहिनी लागलेली असायची. तिचे पैसे केबलच्या बिलातून मी भरत होते, तेव्हा गिऱ्हाईक या नात्यानं लिहिते आहे.

मी फुलांचं काम करते. दादर पश्चिमेला, फूलबाजाराच्या जवळच आमचं दुकान आहे. सासूबाई हार-वेण्या-गजरे करायच्या, मी त्यात मांडव आणि स्टेजची सजावट आणली. लग्न, साखरपुडा, मुंज, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, काय म्हणाल ते. त्यामुळे १२ जुलैला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अनंत अंबानी आणि राधिका मर्चंट यांचं लग्न आहे म्हटल्यावर मी मनापासून वाट बघत होते. लग्नावर एवढा खर्च करावा का, हा वाद मला घालायचा नाही. मोठं लग्न म्हणजे फूलवाले, मांडववाले, लायटिंगवाले, आचारी, टेम्पोवाले, सगळ्यांच्या हाताला काम. आपल्या शहरात एवढं मोठं काम उभं राहतंय तर ते कसं केलंय हे बघायला मिळावं, एवढीच इच्छा होती. वाराणसीच्या घाटांची कल्पना घेऊन सजावट केलीय असं ऐकलं होतं. पावसाळ्यात, मुंबईच्या दमट हवेत, तीन दिवस चालणाऱ्या समारंभाची फुलं ताजी कशी ठेवतात, हे मला शिकायचं होतं.

ते कुठंच दिसलं नाही. जुलैच्या सुरुवातीपासून लग्न उरकेपर्यंत पडद्यावर लग्नच होतं, आणि तरी लग्नाबद्दल काही कळलं नाही. एखादी गोष्ट फार दाखवली अशी तक्रार लोक करतात; माझी तक्रार त्याच्या एक पाऊल पुढची आहे. फार दाखवल्यासारखं केलं आणि काहीच दाखवलं नाही.

झालं असं की वाहिनीकडे स्वतःची म्हणावी अशी दृश्यं नव्हतीच. आत त्यांचा कॅमेरा नव्हता. बाहेर एक वार्ताहर उभी, आणि पाहुणे फोटोला थांबतात त्या जागेवरच्या काही सेकंदांच्या फिती. एक फीत हाती आली की ती पुढचा पाऊण तास फिरायची. गाडी थांबते, दार उघडतं, कुणीतरी उतरतं, हात हलवतं, परत गाडी थांबते. पडद्याच्या तीन चौकटी केलेल्या, तिन्हींत तीच फीत वेगवेगळ्या ठिकाणी पोचलेली. वर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात मुहूर्ताची उलटी गणती, खाली बातम्यांची पट्टी आणि त्या पट्टीवर अर्धी चढलेली तोरणाची नक्षी. निवेदक आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. दुकानात हार बांधत बसलेल्या बायका पहिल्या दिवशी मान वर करून बघत होत्या, नंतर कुणी बघेना.

आता त्या दुपट्ट्याबद्दल लिहिते, कारण माझा खरा जीव तिथं अडकला आहे.

८ जुलैला राधिकाची हळद झाली आणि दुसऱ्या दिवशी फोटो बाहेर आले. पिवळा पोशाख आणि त्यावर खऱ्या फुलांचा दुपट्टा. मधे सगळी तगरीच्या कळ्यांची जाळी आणि काठाला झेंडू. मुंबईतल्याच एका फुलांच्या स्टुडिओचं काम. हजारो कळ्या आणि नव्वदहून जास्त झेंडू लागले असं छापून आलं होतं. फोटो फोनवर आला तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी हातातलं काम ठेवलं. कामवाली माणसं काम ओळखतात. मी तो फोटो मोठा करकरून जाळीचे सांधे बघितले. इतकं स्वच्छ काम मी फार कमी पाहिलं आहे.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात ना, मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, हातात धनुष्यबाण, त्यात जी कळ्यांची जाळी असते तीच ही, फक्त अंगभर वाढवलेली. तगरीची कळी घेतात कारण ती बारीक, लांबट आणि बरीचशी एका मापाची मिळते. मोगरा लहानमोठा येतो, चौकट वाकडी दिसते. कळी देठाकडून ओवायची की आडवी पोटातून, त्यावर जाळी अंगावर लोंबणार की ताठ उभी राहणार ते ठरतं. दोरा ओला ठेवायचा. प्रत्येक चौकटीच्या सांध्यावर सुई उलटी फिरवून गाठ घ्यायची. गाठ जरा जास्त ओढली की कळी दोऱ्यानं कापली जाते, सैल ठेवली की नेसल्यावर सगळी जाळी एका खांद्याकडे घसरते. आणि हे सगळं घड्याळाच्या विरुद्ध चालतं, कारण पहिली कळी ओवल्यापासून ती सुकायला लागलेली असते. म्हणून एवढ्या मोठ्या कामाला एकाच वेळी बरेच हात लागतात आणि त्या सगळ्या हातांची गाठ सारखी पडावी लागते. झालेला भाग ओल्या मलमलीत गुंडाळून थंड पेटीत ठेवायचा, पण बर्फाला टेकू द्यायचा नाही, टेकला की कळी काचेसारखी होते आणि मग काळी पडते. पावसाळ्यात आणखी एक भानगड, कळी झाडावरच पाणी प्यायलेली असते. वरून पांढरीशुभ्र दिसते आणि दुपारपर्यंत टोकं तपकिरी व्हायला लागतात. निवड करताना बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

या दुपट्ट्यावर वाहिनीनं मोठा कार्यक्रम केला. किंमत किती असेल, आधी कुठल्या नटीनं फुलांचे दागिने घातले होते, फोटोला किती लोकांनी पसंती दिली. एवढ्या वेळात सुई दिसली नाही, दोरा दिसला नाही, एक बोट दिसलं नाही. दादरचा फूलबाजार त्यांच्या ऑफिसपासून काय लांब आहे? पहाटे चारला एक कॅमेरा घेऊन आले असते तर कळीच्या पाट्या कुठून येतात, कळी कोण खुडतं, कोण निवडतं, ओवणाऱ्या बाईला काय मिळतं, सगळं दहा मिनिटांत सांगून झालं असतं. माझ्या दुकानातल्या कुणीही त्यांना एक चौकट ओवून दाखवली असती. लग्नाच्या बातमीत हेच तर बघण्यासारखं होतं, आणि फुकट होतं.

त्याच ८ जुलैचं दुसरं चित्र सांगते. मध्यरात्री एकपासून सकाळी सातपर्यंत, सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. मध्य आणि हार्बरच्या गाड्या रखडल्या, शाळांना सुट्टी द्यावी लागली, अधिवेशनाला निघालेले आमदार गाडीत अडकून रुळांवरून चालत आले. फूलबाजारात त्या पहाटे माल उशिरा आला आणि आला तो भिजलेला. भिजका झेंडू टोपलीत तापतो, संध्याकाळपर्यंत आतून कुजतो. माझ्याकडे ओवणकाम करणाऱ्या दोघीजणी डोंबिवली आणि मानखुर्दहून येतात. निघायचं की घरी थांबायचं हे त्या मला फोन करून विचारत होत्या आणि मी वाहिनीकडे डोळे लावून बसले होते. पावसाची बातमी त्यांनी दिली, नाही असं नाही. सकाळी बराच वेळ दिली. पण दुपारी, भरतीची वेळ आणि परतीच्या गाड्या यांची चिंता सुरू झाली तेव्हा पडद्यावर पुन्हा संगीत सोहळ्यातलं जस्टिन बीबरचं गाणं आलं. ते तर ५ तारखेचं होतं! गाड्या चालू झाल्या की नाही हे शेवटी डोंबिवलीच्या बाईनंच स्टेशनवरून फोन करून मला सांगितलं.

आणि मग १२ तारीख. यात एक गोष्ट बाहेरच्यांना लक्षात येणार नाही. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्राचा अस्त होता, त्यामुळे पंचांगात लग्नाचे मुहूर्तच नव्हते. ज्यांनी आपत्कालीन मुहूर्तावर केली त्यांनी केली, बाकीचे थांबले. जुलैचा दुसरा आठवडा मोकळा आणि १७ ला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास सुरू. थांबलेली सगळी लग्नं त्या मोजक्या तारखांत कोंबली गेली. दादर, गिरगाव, ठाणे, वसई, जिथं तिथं हॉल भरलेले. गुलाबाच्या बंडलचा भाव उजाडेपर्यंत चढत जायचा. मुंडावळ्यांसाठी लहान मोगरा मिळेना. आमचे बंगाली कारागीर एक मांडव संपवून तसेच दुसऱ्या मांडवावर जात होते, झोप टेम्पोत. मुंबईत त्या आठवड्यात किती घरांत लग्न होतं, आणि वाहिनीवर एकच लग्न! मे-जूनचा रिकामा हंगाम काढून आलेल्या बँडवाल्याला, मेंदीवालीला, भटजींना कुणी एक प्रश्न विचारला असता तरी तो कार्यक्रम शहराचा झाला असता.

आमचं त्या दिवशीचं काम कालिन्याला होतं. दादरहून कालिना म्हणजे नेहमीचा रस्ता धारावीवरून बीकेसीतून. १२ ते १५ जुलै रोज दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत बीकेसीतले काही रस्ते समारंभाच्या गाड्यांशिवाय इतरांना बंद राहतील असं वाहतूक पोलिसांनी आधीच जाहीर केलं होतं. लक्ष्मी टॉवर जंक्शन, डायमंड जंक्शन, ट्रायडंट हॉटेलची बाजू, कुर्ला एमटीएनएलचा रस्ता, अशी यादी होती. ही यादी माझ्या भाच्यानं पोलिसांच्या पानावर शोधून काढली. वाहिनीवर ती खालच्या पट्टीतून गेली असेलही, पण त्या पट्टीवर तोरण होतं हे वर सांगितलंच आहे. “मावशी, सायनवरून कुर्ल्याला जाऊ, तिथून जोडरस्त्यानं वाकोला,” भाचा म्हणाला आणि आम्ही टेम्पो तसा काढला. मुलीचे वडील दर दहा मिनिटांनी फोन करत होते, “ताई, फुलं पोचतील ना?” पोचली. स्टेज उभं राहिलं. पण ज्यांच्याकडे यादी शोधणारा भाचा नव्हता त्यांचं काय झालं असेल?

त्या संध्याकाळी मात्र एक चांगली गोष्ट पाहिली आणि ती लिहिलीच पाहिजे. काम आटोपून हॉलच्या ऑफिसात चहा घेत होतो तेव्हा तिथंही हीच वाहिनी चालू होती. बीकेसीच्या रस्त्यावर त्यांची ती तरुण वार्ताहर उभी होती, छत्री वाऱ्यानं उलटलेली, केस चेहऱ्याला चिकटलेले. निवेदकानं तिला आत कोण कोण आलंय ते विचारलं. तिनं एक नाव सांगितलं आणि लगेच, न विचारता, म्हणाली की इथून कुर्ला स्टेशनकडे जाणाऱ्या बसगाड्या वळवल्या आहेत, ऑफिसमधून सुटलेले लोक पावसात चालत निघालेत, बांद्र्याच्या बाजूनं जायला सोपं पडतंय, रिक्षा कुठं मिळतेय. तिच्या मागं चालणारी माणसं दिसत होती, पायांत पँट दुमडलेली, डब्याच्या पिशव्या डोक्यावर धरलेल्या. तिनं एका बाईंपुढं माइक धरला. त्या बाईंनी तोंड उघडलं आणि वाहिनीनं दृश्य तोडून पुन्हा गाडीचं दार उघडताना दाखवलं. ती मुलगी नंतर दिसली नाही. मी दिलेला एक तारा तिचा आहे. त्या अख्ख्या आठवड्यात बातमी म्हणावी असं काही दिलं ते तिनं, आणि तेही कुणी मागितलं नसताना. उरलेला अर्धा तारा वारीच्या प्रक्षेपणाला. पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या, सकाळचा अर्धा तास त्यांनी वारीला राखून ठेवला होता आणि तो कमी केला नाही.

लग्नाच्या दिवशीच विधान परिषदेच्या ११ जागांचं मतदान होतं, उमेदवार १२. महायुतीचे नऊ निवडून आले, शेकापचे जयंत पाटील पडले. एरवी आमच्या दुकानात अशा निकालावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. त्या दिवशी निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचला.

आता कुणी म्हणेल, लग्नाचं प्रक्षेपण असंच असतं, लोकांना चमकधमक बघायची असते. मला हे मान्य नाही, कारण मी याहून बरं पाहिलेलं आहे. खऱ्या राजघराण्यातली लग्नं इंग्लंडमध्ये होतात आणि तिथल्या वाहिन्याही ताणायला कमी करत नाहीत. कुणाची टोपी कशी, कोण कुणाशेजारी बसलं, यावर त्यांचेही तास जातात. पण त्यातून मला माझ्या धंद्याचं किती कळलं ते सांगते.

१९ मे २०१८ ला विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न झालं. फुलांचं काम फिलिपा क्रॅडॉक या बाईंचं. त्यांचं नाव मला प्रक्षेपणातून कळलं, शोधावं लागलं नाही. पांढरे गुलाब, पिओनी, फॉक्सग्लोव्ह, आणि बीच, बर्च, हॉर्नबीम या झाडांच्या फांद्या, बऱ्याचशा विंडसरच्याच बागांतल्या. दाराची कमान त्यांनी फोम, म्हणजे फुलं खोचायचा ओला ठोकळा, न वापरता बांधली. हे ऐकून मी बसल्या जागी ताठ झाले. आम्ही इथं हिरव्या फोमशिवाय स्टेजचा विचार करत नाही, आणि तो फोम म्हणजे प्लास्टिकच, चुरा होऊन गटारात जातो. त्यानंतर मी तारेची जाळी आणि पाण्याच्या नळ्यांवर काम करून बघायला सुरुवात केली, आता निम्मी स्टेजं तशीच करते. लग्नानंतर ती फुलं छोटे गुच्छ करून आजारी माणसांच्या शुश्रूषाकेंद्रात पाठवली, हेही सांगितलं गेलं. मेगनच्या पाच मीटर लांब ओढणीवर कॉमनवेल्थच्या ५३ देशांची फुलं भरली होती, भारताचं कमळ होतं, आणि भरतकाम करणारे कारागीर कापड मळू नये म्हणून दर अर्ध्या तासानं हात धूत होते. बघा, हात! कुणीतरी त्या हातांबद्दल विचारलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

२०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या लग्नात शेन कॉनोली यांनी वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आत जिवंत झाडं उभी केली होती. सुमारे वीस फुटी, सहा फील्ड मेपल आणि दोन हॉर्नबीम, कुंड्यांसकट. नंतर ती हायग्रोव्हला, चार्ल्स यांच्या घराच्या बागेत, लावण्यासाठी नेली. आजही गिऱ्हाइकं तो फोटो घेऊन येतात आणि मंगल कार्यालयात झाडं उभी करता येतील का विचारतात. करते मी, भाड्याच्या नर्सरीतल्या बांबू आणि पामच्या कुंड्या आणून. डायनाच्या १९८१ च्या लग्नात एकसारखे दोन गुच्छ केले होते, एक अडीअडचणीला. वरमालांची एक जोडी जास्तीची ठेवायची पद्धत आमच्याकडे सासूबाईंपासून आहे, आणि ती जगात दुसऱ्या टोकालाही आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आणि राजघराण्यातल्या लग्नाची बातमी मुंबईतून कशी द्यावी, हेही आपल्याकडे झालेलं आहे. प्रिन्स चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, आणि ९ एप्रिल २००५ ला कॅमिलाशी झालेल्या त्यांच्या लग्नाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे हे दोघे डबेवाले विंडसरला गेले. २०१८ मध्ये डबेवाल्यांनी मेगनसाठी पैठणी आणि हॅरीसाठी कुर्ता-जाकीट आणि फेटा घेतला, आणि परळच्या रुग्णालयांत रुग्णांच्या नातेवाइकांना मिठाई वाटायचं ठरवलं. त्याच लग्नात आहेराऐवजी सात संस्थांना देणग्या द्या असं नवरानवरीनं सांगितलं होतं, त्यांतली एक मुंबईची मैना महिला फाउंडेशन, वस्तीतल्या बायकांसाठी सॅनिटरी पॅडचं काम करणारी. या बातम्या मी मराठीतच वाचल्या. लहान होत्या, एकदाच आल्या, अजून लक्षात आहेत. परदेशातल्या लग्नात आपली माणसं शोधून काढणारे पत्रकार आपल्याकडे आहेत. मग लग्न आपल्या बीकेसीत असताना ते सगळे कुठं होते? की त्यांना गेटवरून हलायला परवानगी नव्हती?

बीकेसीतल्या त्या तीन दिवसांच्या फुलांचं पुढं काय झालं, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे. गणपतीत पालिका निर्माल्य कलश ठेवते, खत करते. लग्नाच्या फुलांचं काय होतं? माझ्या एका स्टेजची फुलं उतरवली की टेम्पो अर्धा भरतो. एवढ्या मोठ्या समारंभाची किती निघाली असतील, कुणी खत केलं, की कचऱ्याच्या गाडीत गेली? खत केलं असेल तर ते दाखवावं, आम्ही सगळे धडा घेऊ. कुणी विचारलंच नाही.

हे सगळं मी वाहिनीला मेल करून कळवलं. पडद्यावर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता येतो, त्यावर. तक्रार मिळाल्याचं उत्तर आलं, पुढं काही नाही. ज्यांना लिहायचं असेल त्यांनी जरूर लिहा. आधी वाहिनीकडेच लिहावं लागतं, तिथं समाधान झालं नाही तर एनबीडीएसए ही वृत्तवाहिन्यांचीच संस्था तक्रार ऐकते, वाहिनी तिची सदस्य असेल तर. लिहून काय होणार, असं समजू नका. २०२१ मध्ये प्रिन्स फिलिप गेले तेव्हा बीबीसीनं वन आणि टू या दोन्ही मुख्य वाहिन्यांवर तेच लावलं आणि लोकांनी एक लाखाहून जास्त तक्रारी केल्या. तो विषय दुःखाचा होता, तरी लोकांनी सांगितलं की एवढं नको. आपण लग्नाबद्दलही सांगू शकतो.

रोजच्या कामासाठी मी आता काय करते, तेही सांगते. संध्याकाळी सातला आकाशवाणी मुंबईचं प्रादेशिक बातमीपत्र लावते. दहा मिनिटांत पाऊस, धरणं, विधानसभा, बाजार, सगळं येतं आणि हात मोकळे राहतात. पावसाच्या दिवशी रस्त्यांसाठी वाहतूक पोलिसांचं पान आणि गाड्यांसाठी रेल्वेचं. त्या वार्ताहर मुलीला पुन्हा कुठं पाहिलं तर ती ज्या वाहिनीवर असेल ती मी लावीन.

ही वाहिनी मी बंद केली. २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानं हवी ती वाहिनी एकेक निवडता येते, नको ती काढता येते. केबलवाला आधी म्हणाला, पॅकमध्येच आहे, निघत नाही. त्याला सांगितलं, पॅक मोड आणि सुट्या वाहिन्या दे. थोडा वेळ लागला, पण पुढच्या बिलात ती नव्हती. तुमच्याकडेही केबलवाला नाही म्हणाला तर वाहिन्यांची छापील यादी मागा, प्रत्येकीपुढं किंमत लिहिलेली असते, आणि हव्या तेवढ्यांवर खूण करून ती त्याच्या हातात द्या.